एकच अंगरखा

उडत्या घोड्यांच्या त्या मालिकेत आज राजकन्येचं लग्न होतं आणि भर दरबारात कुणाचा तरी दगा देऊन काटा काढला जाणार होता. कुणाचा, ते लेखक आधी कुणालाच सांगत नसे. राजाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाला सकाळपासून घाम फुटला होता. अकरा वर्षं घरी बसल्यावर हे काम मिळालं होतं आणि घरी बायको अंथरुणाला खिळली होती.

तो तडक कपडेपटातल्या शिंप्याकडे गेला. तलवारीने मरणाऱ्याचा पोशाख दोनदा शिवतात, दुसरा रक्तात भिजवायला, हे त्याला ठाऊक होतं.

"मास्तर, पाया पडतो तुमच्या. माझे अंगरखे किती शिवलेत?"

"एकच, काका."

म्हाताऱ्याने मास्तरांना मिठीच मारली. तिथूनच बायकोला फोन लावला, "अगं, वाचलो! तुझ्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाकू."

तो सिंहासनावर जाऊन बसला, तसा दिग्दर्शक लगबगीने जवळ आला.

 

"काका, जावयाने दिलेला पेला एका घोटात संपवा, विष लगेच चढतं. कोसळताना अंगरखा तेवढा जपा, एकच आहे."