बंदोबस्ताची शिट्टी

या चौकानं इंग्रज कलेक्टरच्या काळापासून घोषणा ऐकल्या आहेत. पोलिसात लागल्यापासून माझा बंदोबस्तही बहुतेक इथंच असतो, जिल्हा कचेरीच्या फाटकासमोर. मोर्चाचा आवाज चढला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतात. मग कुणीतरी साहेब खाली येऊन निवेदन घेतात.

आज मात्र दुपार झाली तरी एकही खिडकी उघडली नव्हती. समोर कर्णबधिर शाळेची माणसं उन्हात उभी होती. दप्तर पाठीला लावलेली पोरं आणि पांढऱ्या मिशांचे माजी विद्यार्थी, सगळ्यांचे हात एकाच तालात वर जात होते, बोटं एकदम वळत होती. भर मोर्चात मला चिमण्या ऐकू येत होत्या.

"काय म्हणतायत?" मी त्यांच्या शिक्षिकेला विचारलं.

"घोषणा देतायत, मॅडम. 'आमची शाळा बंद करू नका.' सकाळपासून हीच."

"अहो बाई, पण वर कळणार कसं?"

त्यांनी वरच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं आणि पुन्हा पोरांबरोबर हात वर केले. मला रागच आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. मी शिट्टी तोंडात धरली आणि छाती भरून फुंकली. परत फुंकली. फुंकतच राहिले.

कबुतरं उडाली. धडाधड खिडक्या उघडल्या. वर डोकी दिसताच खालचे सगळे हात आणखी उंच झाले.

खांद्यावरचा वायरलेस खरखरला. "चौकात काय गडबड आहे?"

"घोषणा चालू आहेत, सर," मी म्हणाले. "आता वरपर्यंत ऐकू जातायत."