दीपस्तंभ की खुर्च्या

मास्तरांनी दीपस्तंभाची बाजू घेतली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांना वाटलं, थट्टा चालली आहे. एकाहत्तर सालचा सगळ्यात चांगला रॉक अल्बम कोणता, हा दोघांचा रविवारचा वाद. डॉक्टरांचा अल्बम कव्हरवर दीपस्तंभ असलेला, मास्तरांचा तीन रिकाम्या खुर्च्यांचा. मास्तर त्यांना दात्या म्हणायचे आणि दात्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं येईल त्याला सांगायचे. चाळीस वर्षांत दोघांपैकी एकही जण तसूभर हटला नव्हता.

"मागची बाजू लावून ऐक," मास्तर म्हणाले. "चार मिनिटं कुणी गात नाही. वाद्यांना श्वास घ्यायला जागा दिलीय. त्या वर्षी ही अक्कल दुसऱ्या कुणाला सुचली?"

वाक्य शब्दन् शब्द डॉक्टरांचं होतं. बोट नाचवायची लकबसुद्धा त्यांचीच.

"अरे, हे तर माझं," डॉक्टर हसले. "तुझ्या खुर्च्यांचं काय?"

मास्तरांनी जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. एकेक करून सगळ्या पाहिल्या. मग त्यांचा चेहरा पुसल्यासारखा झाला आणि बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करू लागली.

वहिनींनी डॉक्टरांना जिन्यातच गाठून सांगितलं होतं, की आठवडाभर ते कुणाशी धड बोललेले नाहीत, मुलीचा फोन आला तरी नुसता कानाला धरून बसतात. आज तेवढं भांडा त्यांच्याशी, भांडताना ते पूर्वीसारखे असतात, असं म्हणून त्या घाईघाईने आत निघून गेल्या होत्या.

डॉक्टरांचं सगळं आयुष्य आ वासून बसलेल्या माणसांशी बोलण्यात गेलं. हवामान असो की राजकारण, समोरचा ऐकून घ्यायचा. तोंडात कापूस कोंबलेला असताना कोण वाद घालतो. त्यांना उलट उत्तर देणारा जगात एकच माणूस होता, आणि तो आता बटण पिळत बसला होता.

डॉक्टर उठले. कपाटातून खुर्च्यांची रेकॉर्ड काढून त्यांनी मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि 'अजिबात दुखणार नाही' असं पेशंटला सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "दीपस्तंभ फार गुळगुळीत आहे रे. खरा अल्बम हा."

मास्तरांची बोटं थांबली.

"हा? यात ड्रमवाल्याच्या हातून काठी पडते."

"पडते ना. आणि ते पुन्हा वाजवून घेत नाहीत. चुकलेलं तसंच ठेवायला छाती लागते."

हे मास्तरांचं वाक्य. डॉक्टरांनी ते कायम उडवून लावलेलं. आज एकदा तोंडात आल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. काठी पडल्यावर गिटारवाला थांबत नाही, उलट जोर करून वाजवतो, दुसरी काठी हातात येईपर्यंत त्याला सांभाळून घेतो. शेवटच्या गाण्यात मागे कुणीतरी हसतं, तेही पुसलेलं नाही. तू माझं कधी ऐकूनच घेत नाहीस, अशी मास्तरांची जुनी तक्रार होती. डॉक्टरांना कळलं, की आपण सगळं ऐकलं होतं. तसं त्याला सांगायचं तेवढं राहून गेलं.

मास्तर मात्र पेटले. ताठ बसून त्यांनी डॉक्टरांना फैलावर घेतलं. काठी पडली ती पडली, त्यात कसली आलीय छाती, उद्या स्वयंपाकघरात ताट पडलं तर त्यालाही संगीत म्हणशील. डॉक्टरांचेच टोमणे डॉक्टरांच्या अंगावर येत होते, आणि ते किती झोंबतात हे त्यांना आज समजत होतं. वहिनी चहा घेऊन आल्या. नवऱ्याचा चढलेला आवाज ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता. मास्तरांनी कप घेतला तोही भांडतच.

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. "हरलो बाबा. दीपस्तंभच."

चाळीस वर्षांनी त्यांचा अल्बम जिंकला होता आणि त्यांना रडू येत होतं.

मास्तर समाधानाने मागे टेकले. चहा संपवला. आवाजातली धार हळूहळू गेली. मग समोर कोण बसलं आहे हे आत्ताच लक्षात आल्यासारखं त्यांनी डॉक्टरांना निरखून पाहिलं.

"वाईट वाटून घेऊ नका हं," ते म्हणाले. "भांडता चांगलं तुम्ही. माझा एक मित्र आहे, दात्या. दर रविवारी यायचा. हा दीपस्तंभ त्याचाच."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"हल्ली येत नाही?"

"नाही. फार पिडलं मी त्याला." मास्तरांनी मांडीवरच्या रेकॉर्डवरून हात फिरवला. "तुम्हाला कुठे भेटला तर सांगा. म्हणावं, तुझंच बरोबर होतं. ये आता."

वहिनी दारात थबकल्या. डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते नुसतं उघडंच राहिलं.