कुलूपमामांचं कुलूप

"कापा ते कुलूप," डायरेक्टर म्हणाले.

अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. नव्या सौर केंद्राच्या मुख्य ब्रेकरच्या दांड्याला एक लाल कुलूप लटकत होतं, आणि दांडा वर केल्याशिवाय वीज बाहेर जाणार नव्हती. सरकारी कागद अगदी सरळ होता. आज दुपारी बाराच्या आत वीज मोठ्या लाईनला लागली तर दुसऱ्या टप्प्याला मंजुरी, नाही तर मुदत संपली. शेजारचं कोळशाचं केंद्र काल मध्यरात्री कायमचं बंद झालं होतं. तिथल्या दोनशे कामगारांना पुन्हा घ्यायचं कबूल केलं होतं, तेही दुसऱ्या टप्प्यातच. बाहेर मांडवात मंत्रालयाची माणसं घड्याळं बघत बसली होती.

"सर, हे असं कापता येत नाही," इंजिनिअर म्हणाली. ती सत्तावीस वर्षांची होती आणि ब्रेकर तिच्या ताब्यात होता.

लाईनवर काम करणारा माणूस दांड्याला आपलं कुलूप लावतो, आणि ते त्यानेच काढायचं असतं. हा नियम तिला कोळशाच्या केंद्रात, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ज्यांनी शिकवला, त्यांचंच हे कुलूप होतं. तिथले जुने फिटर, जोडणीच्या कामासाठी महिनाभर इकडे आलेले. या नियमापायी त्यांनी भल्याभल्यांशी वाकडं घेतलं होतं, म्हणून सगळे त्यांना कुलूपमामा म्हणत.

"कागद पूर्ण आहेत ना?" डायरेक्टरांनी विचारलं.

होते. काल पाचच्या आत फाईल वर हवी होती, म्हणून तिने एका बैठकीत एक्केचाळीस सह्या ठोकल्या होत्या. काम संपलं, लाईन मोकळी, सगळं व्यवस्थित. मग कुलूप राहिलं कसं, हे तिलाही कळत नव्हतं.

तिने मामांना फोन लावला. डायरेक्टरांनी तो तिच्या हातातून घेतला.

"मी गेटवरच आहे, सकाळी सातपासून," मामा म्हणाले. "आत सोडत नाहीत, बाईंना फोनही लागत नव्हता. जरा बाईंकडे द्या फोन."

"किल्ली गार्डकडे द्या."

"किल्ली देता येत नाही, साहेब. मला आत घ्या. आणि मी येईपर्यंत दांड्याला कुणी हात लावू नका."

डायरेक्टरांनी फोन ठेवला. "बघितलंत? नोकरी गेली म्हणून अडवून धरलंय आपल्याला."

क्षणभर तिलाही तसंच वाटलं. वाटलं याची लगेच लाजही वाटली.

वायरमन कटर घेऊन आला. ती पॅनेलसमोर उभी राहिली. "दहा मिनिटं द्या, सर. मी त्यांना घेऊन येते."

"दहा. अकरावं नाही."

ती पळतच गेटवर गेली. गार्ड बिचारा रडकुंडीला आला होता. "मॅडम, कॉम्प्युटर म्हणतो यांचा विभागच अस्तित्वात नाही. काल रात्री बारा वाजता विभाग बंद, पास बंद. मी काय करू?"

"पाहुणे म्हणून सोडा."

"पाहुण्यांना आमंत्रण लागतं."

मांडवाच्या तोंडाशी टेबलावर बिल्ले मांडलेले होते. तिने 'विशेष निमंत्रित' लिहिलेला एक उचलला आणि मामांच्या तेलकट शर्टाला लावला. गार्डने सवयीने सलाम ठोकला.

मामा झपाझप निघाले. पण ते ब्रेकरच्या खोलीकडे वळलेच नाहीत. ते इमारतीच्या मागे गेले, लाईन जिथून बाहेर पडते तिथे, आणि हातमोजे चढवू लागले. लाईनपासून जमिनीपर्यंत तांब्याच्या तीन जाड तारा बांधलेल्या होत्या. काम चालू असताना चुकून वीज आलीच, तर ती माणसात न जाता जमिनीत जावी म्हणून. काल काम संपेपर्यंत अंधार पडला होता, आणि अंधारात या तारा सोडायच्या नसतात. त्या तशाच असताना दांडा वर केला असता तर इथे स्फोट झाला असता. मांडव वीस पावलांवर होता.

तिला कालची फाईल आठवली. 'अर्थिंगच्या तारा काढल्या : होय.' सतरावं पान. खाली तिची सही. संध्याकाळी काम संपलं की मामा काढतीलच, या भरवशावर आधीच केलेली.

मामांनी काल ती फाईल चाळली होती, ही सही त्यांनी पाहिली होती. फोनवर त्यांना फक्त तिच्याशीच का बोलायचं होतं, ते आता तिच्या लक्षात आलं.

डायरेक्टर मागोमाग आले. तारा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फाईल उघडली. "इथे सही तुमची आहे."

"माझ्या सांगण्यावरून केली त्यांनी," मामा तार गुंडाळत म्हणाले. "काढल्या म्हणून मीच सांगितलं. वय झालं, साहेब. विसरलो."

तिने तोंड उघडलं. मामांनी मानेनेच 'नको' म्हटलं.

अकरा एकोणपन्नासला मामांनी कुलूप काढलं. तिने दांडा वर केला. काटा सरसर चढला आणि मांडवात टाळ्या कडाडल्या. दोनशे कामगारांच्या घरांची सोय झाली होती.

डायरेक्टरांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. "घटनेचा अहवाल. चूक फिटरची, म्हणून त्याचं नाव घाला. ज्याचं नाव यात येतं त्याला दुसऱ्या टप्प्यात घेता येत नाही, पण त्याला माझा इलाज नाही. धोरणच तसं आहे. सही करा आणि मांडवात चला."

खिडकीतून गेट दिसत होतं. मामा शर्टावरचा बिल्ला काढून गार्डला परत देत होते.

'चूक कोणाची' या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं. मग कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि बेचाळिसावी सही केली.