फायनल न केलेली डिस्क

"कॉम्प्युटर ही कोरी आहे म्हणतोय," मी म्हणालो.

काउंटरपलीकडच्या काकूंना ते पटलं नाही. "कोरी कशी असेल? आमच्या निनादनं जायच्या आदल्या रविवारी यातच शूटिंग केलं होतं. घरातल्या सगळ्यांचं. त्याचा आवाजही असेल त्यात."

तळहाताएवढी डीव्हीडी होती. मी ती उजेडात तिरकी धरली. मधल्या भोकाभोवती भरलेल्या भागाचा गडद पट्टा दिसला, बाहेरचा भाग मात्र स्वच्छ होता. काकूंचंच खरं होतं.

"शूटिंग आहे, काकू. पण डिस्क फायनल केलेली नाही. फायनल केली की ती कुठेही चालते. नाहीतर ज्या कॅमेऱ्यात शूटिंग केलं, फक्त त्यातच दिसते. कॅमेरा घेऊन या, लगेच करून देतो."

काकूंनी मागे वळून काकांकडे पाहिलं. ते दाराशीच उभे होते.

"त्या कॅमेऱ्यावर त्याचा फार जीव होता," काका म्हणाले. "म्हणून अस्थींबरोबर तोही कृष्णेत सोडला. म्हटलं, त्याच्याजवळ राहू दे."

काकू पुन्हा काउंटरकडे वळल्या. मग काकूंनी विचारलं, "पण त्याचं कुठलंच काम अर्धवट नसायचं. ही फायनल का नाही केली त्यानं?"

"फायनल केली की पुढचं काही भरता येत नाही, काकू. अजून बरीच जागा होती."

काकू डिस्क उचलून त्या स्वच्छ भागावरून हळूहळू बोट फिरवत राहिल्या. डिस्कला असा हात लावायचा नसतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना ओरडून सांगतो. त्यांना नाही सांगितलं.