अमिबाचं घराणं

रंभामावशी आमची सगळी भांडी घासतात, पण त्यांचा स्वतःचा चहाचा कप सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी. आम्हा सगळ्यांना आव झाली, मावशींनाही, तेव्हा आई म्हणाली, "तिच्या त्या कोपर स्टेशनजवळच्या चाळीतूनच आलं हे. शी! तुझ्या लॅबमध्ये तपास गं."

मी परजीवींच्या जनुकांवरच काम करते. दोन्ही घरांतल्या अमिबांची वंशावळ लावली. घराणं एकच निघालं.

"बघ! सांगत नव्हते मी?"

"आई, मूळपुरुष तुझ्या पोटातला आहे. मावशींकडचे त्याचे वंशज. तू हाताने कालवलेली कोशिंबीर उरली की त्यांना बांधून देतेस ना, त्यातून गेले."

आईला शिसारी आली. तिने तडक उठून कप कचऱ्यात टाकला.


मावशींचा.