धक्क्यावरची शिकवणी

“आधी बाहेर पडणाऱ्याला वाट दे,” तात्या बाकावरून म्हणाले. “तुझी घाई तुझ्यापाशी ठेव.”

लेकीने इंजिन मंद केलं आणि नाव धक्क्यापासून जरा लांब थोपवून धरली. भाजीची होडी आडव्या अंगाने सुटत होती, तिच्यामागे शाळेची लाँच शिट्ट्या मारत होती आणि पायऱ्यांवर उतारूंची ही गर्दी. सकाळच्या या वेळी इथे नाव लावायला शिकणं म्हणजे भर बाजारात सायकल शिकण्यासारखंच होतं. पण तात्यांचा हट्ट तसा. मोकळ्या पाण्यात कोणीही शहाणं असतं, असं त्यांचं म्हणणं.

बाकावर बसून का होईना, तात्या पुन्हा हट्ट करत होते, याचंच तिला अप्रूप होतं.

चार दिवसांची रजा आहे म्हणत ती माहेरी आली होती. दोन मोठ्या बॅगा उतरवून घेताना तात्यांनी जावयांची चौकशी केली. कामात आहेत, ती म्हणाली, आणि वरच्या खोलीत जाऊन जी झोपली ती जेवायलाही धड खाली येईना. प्रवासाचा शीण असेल. मग एका सकाळी तात्या मागच्या पायरीवरून घसरले आणि तिची झोपायची चैन संपली.

डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. हाड शाबूत होतं. पण तात्या उठायचं नाव घेईनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, आता माझं काही उरलं नाही म्हणायचे. आई गेली तेव्हासुद्धा महिन्याच्या आत सुकाणू धरणारा हा माणूस. असेच पडून राहिले तर चालणं कायमचं बंद होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. रजा वाढवून घेतली, असं तिने तात्यांना सांगून टाकलं. स्वयंपाक, औषधं, पाय चोळून देणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. ओ द्यायला जरा उशीर झाला की खालून कण्हणं सुरू.

नावेची युक्ती दोरमामांची. धक्क्याला येणाऱ्या नावांचे दोर घेऊन खुंटांना बांधायचे, हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना दोरमामा म्हणत. ते एकदा तात्यांना बघायला आले आणि निघताना दाराशी हळूच तिला म्हणाले, की मला नाव लावायला शिकवा म्हणून त्याच्या मागे लाग. आपली नाव दुसऱ्याच्या हातात देऊन तो घरी पडून राहायचा नाही.

आणि खरंच, दुसऱ्याच दिवशी तात्या कण्हत कुथत, तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून धक्क्यापर्यंत आले.

शिकवणी कडक होती. वारा कुठून येतो ते आधी बघ. त्याच्या तोंडावर नाव घाल, म्हणजे तोच तुला थोपवेल. बाजूचे टायर खाली सोडलेस का? दोर हातात दे, माणसाच्या तोंडावर फेकू नको. उडी तर मारायचीच नाही. शेजारी खेटून लावायची असेल तर आधी त्याला विचार. आणि दोर घेणाऱ्याचे आभार मान, तो रोज घेत असला तरी.

पहिल्याच आठवड्यात तिने मासळीवाल्या मावशीच्या होडीला असा दणका दिला की टोपल्या आडव्या झाल्या. मावशीने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तात्यांनी बाकावरूनच हात जोडले आणि लेकीला मासळी गोळा करायला धाडलं. गुडघ्यांवर बसून मासळी भरता भरता तिला रडू कोसळलं. दोन टोपल्या मासळीसाठी कोणी एवढं रडत नाही. मावशीच ओशाळली.

“अगं, मी काय आईच्या पोटातून शिकून आले?” ती म्हणाली. “त्या कोपऱ्यातल्या खांबाला विचार माझे प्रताप.”

वाकडा झालेला खांब बघून लेक हसली. किती दिवसांनी हसली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून मावशी तिच्यासाठी चहा राखून ठेवू लागली.

आज वारा आडवा होता. शाळेची लाँच भरून निघून गेली तेव्हा जेमतेम एका नावेपुरती फट उरली. लेकीने मावशीला विचारलं, मावशीने आपली होडी हातभर ओढून घेतली. नाव वाऱ्याला अंग देत सावकाश आत आली, टायर धक्क्याला टेकले आणि दोर दोरमामांच्या हातात गेला. कोणाचा चहासुद्धा हिंदकळला नाही.

तात्या बाकावरून उठले. कोणाचा हात न धरता, लंगडत का होईना, धक्क्याच्या कडेपर्यंत आले. तिने ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

लाँचमध्ये न मावलेली काही मुलं पायऱ्यांवर राहिली होती. शाळेच्या बाईंनी विचारलं, यांना पलीकडे सोडाल का? तिने तात्यांकडे पाहिलं. लोकांची पोरं आहेत, सावकाश ने, एवढंच ते गुरकावले.

दोर सोडण्याआधी तिने दोरमामांपुढे हात जोडले.

“मामा, तुम्ही युक्ती सांगितली नसती तर तात्या अंथरुणातून उठले नसते. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.”

 दोरमामांनी घाईघाईने दोर सोडून दिला.

नाव वळणाआड जाईपर्यंत दोघं बघत उभे होते. मग तात्या वळले आणि ताठ पावलं टाकत चहाच्या टपरीकडे निघाले. त्यांना गाठताना दोरमामांना धाप लागली.

“तात्या, माझ्यापुढे हात जोडले तिने. मला लाज वाटली. युक्ती कोणाची होती ते आता सांगून टाकू का?”

“एवढ्यात नको,” तात्या म्हणाले. “सासरहून बॅगा भरून आली, तरी रजेवर आलेय असंच ती अजून मला सांगते. खरं सांगायचा धीर तिला येईपर्यंत लंगडतो मी.”