कुठला कागद कळतो?

वाशीच्या कांदा मार्केटात इंद्रजितनं गाळ्यावर काँप्युटर आणायचा घाट घातला. आता गाळ्याचं काम कसं चालणार, ते त्यानं दोन कागदांवर दोन तऱ्हांनी काढून आईपुढं ठेवलं.

"आई, काम एकच हाय. कुठला कागद स्पष्ट कळतो, तेवढं सांग. तुला कळलं म्हणजे हमालांनाबी कळंल."

"म्हणजे माझ्या अडाणीपणाचा एकदाचा उपयोग झाला म्हणायचा!" विजयमालाबाई फणकारल्या, पण मनातून सुखावल्या.

पहिल्या कागदावर नुसते चौकोन, बाण आणि शंकरपाळ्या. त्यांचं बोट तीनदा फिरलं, तीनदा अडकलं. दुसऱ्यावर प्रत्येक कामापाशी माणूस काढला होता. लॉरी, हमाल, वजनकाटा, लिलाव, गिऱ्हाईक. बोट सरसर गेलं. मग माघारी येऊन लॉरी आणि काट्याच्या मधे थांबलं. पंधरा वर्षं तिथं उभं राहून, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून सडका कांदा त्याच हुडकत आल्या होत्या.

"मग? कुठला?"

"दुसरा," कागद परत देत त्या म्हणाल्या. "पहिल्यात वाटलं, मी असंन कुठंतरी, मलाच घावंना. ह्यात लगेच कळतंय, मी न्हाईच."